चौऱ्याण्णव वर्षांची फुगडी

मंगल कार्यालयात खुर्च्या कमी पडल्या होत्या. नवरानवरीसाठी ठेवतात त्या लाल सोफ्यावर चौघीजणी दाटीनं बसल्या होत्या, उरलेल्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि जिच्या-तिच्या हातात मोबाइल वर धरलेला. स्टेजवर फुगडी रंगली होती. एका बाजूला कॉलेजात जाणारी धडधाकट पोरगी आणि दुसऱ्या बाजूला, भगव्या काठाची पांढरी साडी खोचून, अजरामाई.

"बघा माउल्यांनो, बघून घ्या!" माईंचे शिष्य सुदर्शनजी माइकवरून ओरडत होते. "वय वर्षं चौऱ्याण्णव! गुडघा दुखत नाही, कंबर धरत नाही, आजवर एक गोळी पोटात गेलेली नाही!"

फुगडीचा वेग वाढला. पोरगी "पुरे, पुरे" म्हणायला लागली, माई थांबेनात. शेवटी पोरीनंच हात सोडले आणि डोकं धरून ती मटकन खाली बसली. माई ताठ उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि सभागृहाकडे बघून हसल्या. अशा काही टाळ्या पडल्या की बीड बायपासवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येईनासे झाले.

माझ्या शेजारच्या बाईनं गालावर हात ठेवला. "माझी सासू चौऱ्याऐंशीची हाय. तिला कूस बदलायची तर दोघी लागतात."

"तोंडावर एक सुरकुती नाय बघ," पलीकडची म्हणाली.

"हायेत की डोळ्यापाशी दोन-तीन."

"त्या हसण्याच्या असत्यात गं."

माइक माईंच्या हातात आला. आवाज गोड होता, ते मान्य करायला हवं. "बायांनो, वय अंगाला लागत नाही, मनाला लागतं. तुम्ही मोजता म्हणून ते वाढतं. मी मोजायचं सोडून दिलं."

मग चौऱ्याण्णव हा आकडा कुणी मोजला, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि घरात या शंका काढायच्या स्वभावापायी माझी ख्याती चांगली नाही, म्हणून गप्प बसले. पुढच्या रांगेतल्या एकीनं मात्र धीर करून आधार कार्डाचं विचारलं.

"मला आधार भगवंताचा," माई म्हणाल्या. "कार्ड तुम्हाला लागतं."

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांत सगळ्यांत जोराच्या माझ्या सासूबाईंच्या होत्या.

सासूबाईंचं नाव वच्छलाबाई. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो. अशा कार्यक्रमांना जाणाऱ्यांपैकी त्या नव्हेत. देवधर्म बेताचा, बोलणं रोखठोक. पण दिवाळीनंतर माझ्या मुलीचं, सायलीचं लग्न झालं आणि लग्नाचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिला. नातीच्या शेजारी उभी असलेली स्वतःची छबी बघून आत्या म्हणाल्या, "ही म्हातारी कोण गं?" आम्हाला वाटलं, चेष्टा करतायत. आम्ही हसलो. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आपण हसायला नको होतं, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर त्या आरशासमोर जास्त वेळ थांबायला लागल्या. गळ्याची कातडी बोटांनी मागं ओढून बघायच्या. आणि मग गल्लीतल्या कुणीतरी अजरामाईंचं नाव सांगितलं.

माईंचा "अजर काढा" आमच्या घरात आला तो त्या फुगडीच्या कार्यक्रमातूनच. काळपट, कडू, बाटलीवर माईंचा फोटो. आत्या घ्यायच्या आणि माझी धाकटी जाऊ दीपमालाही. दीपमालाच्या गालांवर वांगाचे डाग आहेत. ती त्रेचाळिशीची, दिसायला गोड, पण फोटो काढताना नेहमी कुणाच्या तरी मागं उभी राहते. काढा सुरू केल्यापासून दोघींच्या संडासाच्या फेऱ्या वाढल्या.

"ताई, विकार बाहेर पडतायत," दीपमाला पोट धरून म्हणाली.

मी बाटली नाकाशी धरली. "अगं, विकार कसले! यात सोनामुखी आहे. जुलाबाचं औषध. याच्यानं वजन उतरतं, कारण अंगातलं पाणी जातं."

"पण चेहरा बारीक झालाय ना?"

"जुलाब झाल्यावर कुणाचाही होतो."

हे एवढंच असतं तर मी गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण आत्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली. डबीतल्या गोळ्या तशाच दिसल्या तेव्हा मला कळलं.

"आत्या, गोळी का नाही घेतली?"

"माईंनी चौऱ्याण्णव वर्षांत एक गोळी नाय घेतली. बघितलंस नव्हं त्यांच्याकडं? गोळ्यांनीच माणूस म्हातारं होतं म्हणत्यात त्या."

"तुमचं डोकं दुखतंय चार दिवसांपासून."

"ते तुझ्या बोलण्यानं दुखतंय."

मी डबी त्यांच्या उशाशी ठेवून आले.

मग एके दिवशी आत्यांनी माईंना घरी बोलावलं. थंडी कडाक्याची होती, सगळ्या बायका शाली पांघरून बसलेल्या. माईंना मधल्या खुर्चीवर बसवलं, पाय धुतले, ओवाळलं. माई वयावर बोलत होत्या आणि बोलता बोलता मध्येच थांबल्या. गळ्यापासून कपाळापर्यंत चेहरा लालबुंद झाला. वरच्या ओठावर घाम फुटला. त्यांनी शाल भिरकावली आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या.

"तेज चढलं!" सुदर्शनजींनी हात जोडले. बायकांनीही जोडले.

मी जोडले नाहीत, कारण ते तेज मी ओळखत होते. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून माझ्याही अंगातून अशाच वाफा निघतात, नववीच्या वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढता काढता मी अशीच घामानं निथळते. पाळी जायच्या सुमाराला बहुतेक बायकांना हे होतं. चौऱ्याण्णवाव्या वर्षी? मला शंका आली, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे.

थोड्या वेळानं माईंनी बाथरूम कुठं आहे विचारलं. मी दाखवायला गेले. दार अर्धं लावून त्या क्षणभर थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "तायडे, घरात एखादं पॅड असेल का गं?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. लगेच त्यांनी आवाज बदलला. "नव्वदीनंतरही देहाचा ऋतू चालू आहे. ही साधनेची शक्ती आहे, बाळ."

"असं?" मी म्हणाले. "मग हे तर सगळ्यांत मोठं नवल झालं. बाहेर जाऊन सांगू बायकांना?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "नको गं."

त्या दिवशी त्या बाईच्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य ते होतं. मी दीपमालाच्या कपाटातून पॅड आणून दिलं. त्यांनी मान खाली घालून घेतलं.

आता सांगायला हवं होतं की नव्हतं? मी दोन दिवस याच विचारात होते. एका बाजूला आत्यांचा रक्तदाब. दुसऱ्या बाजूला, अडचणीत पडून एका बाईनं दुसऱ्या बाईकडं जे मागितलं, ते माइकवरून सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी काय? सुदर्शनजींनी त्याचाही महिमा केला असता. उद्यापासून काढ्याच्या बाटलीवर तेही छापलं असतं.

मी आत्यांना एवढंच म्हणाले, "आत्या, एक बाई चाळिशी-पन्नाशीची दिसते आणि म्हणते मी चौऱ्याण्णवची. याचे अर्थ दोनच. एक तर तिनं म्हातारपण थांबवलं, जे आजवर कुणालाच जमलेलं नाही. नाहीतर ती वय खोटं सांगते, जे आपल्यातल्या निम्म्या बायकांना रोज जमतं. यातलं सोपं कोणतं?"

"बायका वय कमी सांगत्यात," आत्या म्हणाल्या. "जास्त कोण सांगंल? कशापायी सांगंल?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि माईंचा सगळा खेळ त्याच प्रश्नावर उभा होता. वय चोरणारी बाई लगेच ओळखू येते, कारण आपण सगळ्या त्याच बाजूला नजर ठेवून असतो. वाढवून सांगणारीवर संशय कोण घेणार?

दोन दिवसांनी आत्या अंगणात चक्कर येऊन बसल्या. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू गोळ्या मीच बंद केल्या होत्या. थोडक्यात निभावलं, ते म्हणाले, पण पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. दवाखान्यातून येताना आत्यांनी रिक्षात डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून बटव्यात टाकली. घरी आल्यावर म्हणाल्या, "संक्रांतीला माईंचं हळदीकुंकू हाय. त्यांना विचारून घेते मी गोळी."

मला राग आला, पण त्या रागातूनच वाट सुचली. माईंनाच विचारायचं. मात्र गोळीबद्दल नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच कार्यालय, त्याच्या दुप्पट गर्दी. तिळगूळ, वाण, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेल्या नव्या सुना. माईंची फुगडी झाली, तेजही चढलं. मग सुदर्शनजींनी प्रश्न विचारायला सांगितलं. मी हात वर केला आणि शक्य तितक्या भाविक आवाजात म्हणाले, "माई, तुम्ही पैठणकडच्या असं ऐकलं. तुमच्या लहानपणाच्या काही आठवणी सांगा. आमच्या पिढीला ते दिवस कुठं बघायला मिळाले!"

माझा हिशोब साधा होता. जो माणूस चौऱ्याण्णव वर्षं जगला, त्याच्याकडं चौऱ्याण्णव वर्षांच्या आठवणी असल्या पाहिजेत.

माईंनी डोळे मिटले. निजामाचं राज्य सांगितलं, रझाकारांच्या भीतीनं बायका ज्वारीच्या शेतात कशा लपल्या ते सांगितलं, कंदिलाची काच कशी पुसायची तेही सांगितलं. सगळं घडाघडा. मी मनात स्वतःलाच म्हटलं, विशाखाबाई, हरलात. पाठ करून ठेवलेलं दिसतंय.

पण बायका इतक्या रंगल्या की माईही रंगल्या. डोळे उघडून त्या एकदम साध्या, घरगुती आवाजात बोलायला लागल्या.

"संक्रांतीला आमचा बाप आम्हा बहिणींना धरणावर न्यायचा. बैलगाडीत. गुळाची पोळी बांधून घ्यायचो. इतकं पाणी, इतकं पाणी, पलीकडचा काठच दिसायचा नाही. मला वाटायचं, समुद्र समुद्र म्हणतात तो हाच. लांब चोचीचे पांढरे-गुलाबी पक्षी यायचे. आम्ही काठावर बसून पाण्यात पाय सोडायचो. पाय गारठले की बाप आपल्या उपरण्यानं पुसायचा..."

त्यांचे डोळे भरून आले होते. हे पाठ केलेलं नव्हतं.

"कोणतं पाणी, माई?"

आवाज माझ्या शेजारून आला. आत्या उभ्या राहिल्या होत्या.

"नाथसागराचं गं, बाळ, आपल्या पैठणच्या धरणाचं. दुसरं कोणतं?"

"तुम्ही केवढ्या व्हत्या तवा?"

"असेन सहा-सात वर्षांची."

आत्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाल्या, "माई, तुम्ही म्हणता तसं तुमचं वय असंल, तर तुम्ही सहा-सात वर्षांच्या व्हत्या तवा तिथं पाणी नव्हतं. तिथं माझं माहेर व्हतं."

कुणीतरी "अगं बाई" म्हटलं.

"माझं लगीन झालं त्याच साली गाव उठलं," आत्या सांगत होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत जात होता. "धरण माझ्या डोळ्यांदेखत बांधलं. माझ्या बापाचं घर, चिंचेचं झाड, आमची विहीर, समदं त्या पाण्याखाली हाय. मी आज एकोणसत्तर वर्षांची हाय. त्या पाण्यात ल्हानपणी पाय सोडून बसणारी बाई माझ्याहून मोठी कशी असंल? ती माझ्या पोरीच्या वयाची असंल."

सुदर्शनजी धावत माइककडं आले. "माउल्यांनो, शांत व्हा! माईंना दिव्यदृष्टी आहे. त्यांना बालपणीच पुढं होणारं धरण दिसलं होतं!"

"दिव्यदृष्टीत पाय गारठत्यात व्हय?" मागून एकजण म्हणाली.

आधी एक हसली, मग दहा हसल्या, मग सगळं कार्यालय हसायला लागलं. सुदर्शनजींनी माइक बंद केला. त्यानं हसू आणखी मोठं ऐकू आलं. दुसऱ्या एकीनं विचारलं, "आणि बाप उपरणं कोणत्या साली घेऊन गेला व्हता, तेही दिसलं का?"

माई स्टेजवरच्या खुर्चीत बसून राहिल्या होत्या. आत्या पायऱ्या चढून वर गेल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मीही मागोमाग गेले, आत्यांना परत चक्कर येईल या भीतीनं. म्हणून पुढचं बोलणं मला जवळून ऐकू आलं.

"नाव काय गं तुझं?" आत्यांनी विचारलं.

"आवडा."

"वय?"

"पन्नासावं लागलंय."

"मग हे सोंग कशापायी?"

आवडाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आधी खरं वय सांगूनच काढा विकत होते. कोण घेतंय? पन्नाशीची बाई पन्नाशीची दिसते, यात बघण्यासारखं काय? सुदर्शन म्हणाला, आपण चेहरा बदलू शकत नाही, आकडा बदलू. पहिल्या दिवशी साठ सांगितलं. लोक म्हणाले, वाटत नाही हो. मग सत्तर. मग ऐंशी. आकडा वाढला तसा माझा चेहरा सुंदर होत गेला." ती कसनुसं हसली. "आयुष्यात पहिल्यांदा बायका माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला आवडायला लागलं ते."

मला तिची कीव आली, खोटं कशाला सांगू? पण आत्या अंगणात बसल्या होत्या तो क्षणही मी विसरले नव्हते. "तुमच्या बोलण्यावरून यांनी गोळी सोडली," मी म्हणाले. "यांचा जीव गेला असता. अशा आणखी किती असतील या कार्यालयात?"

तिनं पहिल्यांदाच घाबरून खालच्या गर्दीकडं बघितलं. मग उठून स्टेजच्या कडेला आली आणि माइकशिवाय, ओरडून म्हणाली, "बायांनो, ज्यांनी ज्यांनी औषधं सोडली असतील, त्यांनी आजच सुरू करा! काढ्यात काही नाही. सोनामुखी हाय आणि गूळ हाय!"

सुदर्शनजी तोवर मागच्या दारानं बाटल्यांची खोकी टेंपोत चढवत होते. दीपमालानं ते पाहिलं. जी बाई फोटोत कुणाच्या तरी मागं उभी राहते, ती पदर खोचून टेंपोच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि मी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत हलली नाही. पोलिसांत आणि औषध प्रशासनाकडं आम्ही दोघींनी तक्रार दिली. आवडाबाईनं स्वतःहून जबाब दिला. पुढं जे व्हायचं ते कायद्यानं होईल.

पण त्या दिवशी कार्यालयात बायका लगेच घरी गेल्या नाहीत. तिळगूळ शिल्लक होता, हळदीकुंकू राहिलं होतं. "पन्नाशीत फुगडी मात्र भारी घालती," कुणीतरी म्हणालं, आणि त्यावरून सुरुवात झाली. एक म्हणाली, मी बावन्नची, मला येती का बघू. दुसरी म्हणाली, मी अठ्ठावन्नची. जिनं वर्षानुवर्षं पंचेचाळीस सांगितली होती तिला तिच्याच बहिणीनं उघडं पाडलं. आत्यांनी माझे हात धरले. "हळू," मी म्हणाले. "व्हय गं, हळूच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी अगदी सावकाश, चार फेऱ्यांची फुगडी घातली. सत्तेचाळीस आणि एकोणसत्तर. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्या आपापल्या फुगडीत होत्या.

घरी येऊन आत्यांनी कुणी न सांगता गोळी घेतली.

मैत्रिणींनो, वयाच्या या चमत्कारात यंत्र नव्हतं, रसायन नव्हतं, हातचलाखीही नव्हती. खोटा होता फक्त एक आकडा, आणि तो चालला, कारण म्हातारं दिसायची भीती आपण सगळ्या मनात घेऊन तिथं गेलो होतो. पांढरा केस, गळ्याची सैल कातडी, गालावरचा डाग, हे आजार नाहीत. जगलेल्या दिवसांनी ते येतात आणि जगत राहिलं की वाढतात. त्यावर तेल लावा, रंग लावा, काहीच लावू नका, तुमची मर्जी. पण कुणी समोर उभं राहून सांगितलं की मी वय थांबवलंय, तर हात जोडण्याआधी एकच शब्द विचारा: कशावरून? मोठ्यानं विचारा, शेजारणीला ऐकू जाईल असं. तिच्याही मनात तोच प्रश्न असतो, ती फक्त कुणीतरी आधी बोलायची वाट बघत असते.